खर्ऱ्याचा बडग्या

मला बघायला आले तेव्हा सुमंत एक शब्दही बोलला नाही. वडिलांनी नोकरीचं विचारलं, त्यानं मान हलवली. मामांनी आवडीनिवडी विचारल्या, त्यानं हनुवटी छताकडे करून हसल्यासारखं केलं. "मुलगा फार शालीन आहे हो," असं आमच्या काटोलच्या घरात पुढचे दोन दिवस चाललं होतं. लग्न झाल्यावर कळलं की शालीनता वगैरे काही नव्हती. तोंडात खर्रा होता आणि आमच्या बैठकीत थुंकायला जागा नव्हती.

ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि असे लोक विदर्भाबाहेरच राहतात. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालतात, ती पन्नी फळीवर ठेवून तळहाताने दाबून दाबून घोटतात, आणि ते मिश्रण दिवसभर चिमटीनं गालात ठेवतात. त्यावर बंदी आहे. बंदी आहे म्हणजे पानठेल्याला पडदा आहे आणि खर्रा पडद्यामागे आहे. नागपुरात ओळखीचा माणूस भेटला की पुडी पुढे होते. बारशात होते, मयतीतही होते. आमच्या लग्नात भटजींनी अंतरपाट धरला होता तेव्हा पलीकडून मला घोटण्याचा आवाज आला, हे मी आजही शपथेवर सांगते. सुमंत म्हणतो तो मी नव्हतो, माझा मित्र जितेंद्र होता.

यंदाच्या उन्हाळ्यात सुमंतला जेवताना रडू यायला लागलं. माझ्या सासूबाई, यमुताई, भिवापूरच्या. त्यांच्या माहेरची मिरची आणि त्यांचा रस्सा यावर सुमंत लहानाचा मोठा झालेला. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा यमुताई खूश झाल्या. "यंदाचा माल जोरदार हाय," म्हणाल्या. मग तो रश्श्यात दूध घालायला लागला. मग पाणीपुरी फोडून, तुकडे करून खायला लागला. अख्खी पुरी तोंडात जातच नव्हती. ठेल्यावरचा भैया त्याच्याकडे असा बघत होता की मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्याला धरून दातांच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. दोन कशीबशी गेली. गालाचा आतला भाग चिवट झाला होता, पांढरा पडला होता. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. अजून नाही." मग चष्मा काढून पुन्हा म्हणाल्या, "खर्रा आज बंद झाला आणि व्यायाम केला, तर तोंड थोडं थोडं उघडेल. चालू राहिला, तर पुढच्या वेळी मला 'अजून' म्हणता येईल की नाही, सांगता येत नाही." रिक्षात मला रडू आलं. भीती होतीच, पण राग जास्त होता. ज्या तोंडानं हा माणूस माझ्याशी धड दोन वाक्यं बोलला नाही, त्या तोंडासाठी मी रडत होते.

त्याच हॉस्पिटलात व्यसनमुक्तीची एक खोली आहे. तिथे मिनल नावाची समुपदेशक बसते. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी, पण पक्की. तिनं सुमंतला विचारलं, "तलफ कधी कधी येते?"

"चहा झाल्यावर," सुमंत म्हणाला. "जेवण झाल्यावर. गाडीला किक मारली की. साहेबानं बोलावलं की. नाही बोलावलं तरी. आणि सकाळी, तिकडे जायच्या आधी."

"तिकडे म्हणजे?"

"संडासात," मी म्हटलं. "खर्रा नसला तर याचं पोट संपावर जाते."

मिनल हसली नाही. माझी तिच्यावरची श्रद्धा तिथेच बसली. "मग उरलं काय?" तिनं विचारलं.

"झोप," सुमंत म्हणाला.

"झोपेतही गालात असते," मी म्हटलं.

मिनल म्हणाली, तलफ न बोलावलेल्या पाहुण्यासारखी असते. बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही, की थोडा वेळ दारात घुटमळते आणि निघून जाते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यायचं, हात कामात ठेवायचे, आणि तोंडानं सांगायचं की मला आत्ता लागली आहे. लपवायचं नाही. आणि ज्या रस्त्यानं ती येते तो रस्ता बदलायचा.

रस्ता बदलायचं आम्ही फार मनावर घेतलं. सुमंत सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. महालातल्या आमच्या घरापासून ऑफिसपर्यंत पानठेला लागणार नाही असा रस्ता शोधायला आम्ही दोघं एका रविवारी गाडीवर निघालो. ऊन डोक्यावर येईपर्यंत फिरलो. एकच रस्ता सापडला, तो स्मशानघाटावरून जात होता, आणि तिथेही फाटकाच्या बाजूला ठेला होता. ठेलेवाल्यानं सुमंतला बघून लांबूनच हात केला. ओळख होती.

शेवटी तो बसनं जायला लागला. बसमध्ये किक नसते.

घरी रोज सकाळी तो आरशासमोर बसून पुढच्या दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून घालायचा आणि तोंड तसंच धरून ठेवायचा. हा व्यायाम डॉक्टरबाईंनीच दिला होता. काड्या विकत मिळतात, पण यमुताईंना ते पटलं नाही. "फुकट काड्या कायले घेता? म्या कुल्फी खातो, काड्या तुमाले," असं म्हणून त्या रोज संध्याकाळी मुलाच्या उपचारासाठी कुल्फी खात होत्या. त्यांची साखर वाढली. सुमंतची एक काडी वाढली.

पण या माउलीनं एकदा घात केला. मिनलनं बडीशेप, लवंग असलं काही तोंडात ठेवायला सांगितलं होतं. यमुताईंनी शेप भाजली, खोबरं किसलं, आणि मुलाला कोरडं कोरडं खायला बरं वाटणार नाही म्हणून ते सगळं पन्नीत घालून पोळपाटावर घोटायला बसल्या. छान घोटत होत्या. माहेरी वडिलांना खर्रा घोटून द्यायच्या, हात बसलेला. चर्र-चर्र, चर्र-चर्र. सुमंत आंघोळ करत होता. तो अंगाला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता.

"काहून गा?" यमुताई म्हणाल्या. "घे नं. शेप हाय."

"आई, थांबव," तो म्हणाला. "मले लागली. लय लागली."

मी त्याला पाणी दिलं. तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. यमुताई त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या, हाताला खोबरं लागलेलं. त्याच्या डाव्या तळहातावर उजवा अंगठा फिरत होता. रिकाम्या हातावर घोटत होता. पाहुणा गेला, पण जायला वेळ लागला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे माझ्या नवऱ्याचं लाडावलेपण नाही. तोवर मी मनात त्याला लाडावलेलाच म्हणत होते.

त्यानंतर यमुताई शेप अख्खीच देऊ लागल्या आणि पोळपाट जपून वापरू लागल्या. पोळ्यासुद्धा हलक्या हातानं लाटायच्या. पोळ्यांचे नकाशे व्हायचे.

मग पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत असते. पिवळी मारबत, काळी मारबत असे मोठे पुतळे मिरवत नेतात, आणि त्यांच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्यांतून बडगे निघतात. ज्या गोष्टीचा लोकांना ताप झाला आहे तिचा पुतळा म्हणजे बडग्या. सगळे ओरडतात, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी ते सगळं जाळून टाकतात. आमच्या गल्लीच्या बडग्यापुढे घोषणा द्यायचं काम शाळेपासून सुमंतचं. आवाज तसा आहेच त्याचा. घरी वापरत नाही एवढंच.

गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष जितेंद्र, सुमंतचा बालमित्र आणि अंतरपाटामागचा संशयित. तो एक दिवस आमच्याकडे आला आणि हात जोडून, हनुवटी वर करून म्हणाला, "वहिनी, ऑं खऑऑचा बऑऑ." मग गॅलरीत जाऊन थुंकून आला आणि नीट म्हणाला, "यंदा खर्ऱ्याचा बडग्या. सुमंतभाऊच्या सन्मानार्थ."

मला वाटलं, देव आहे.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बडग्या हातगाडीवर चढवला तेव्हा कळलं की देव असला तरी आमच्या मंडळात नाही. पुतळा झकास होता. बांबू आणि कागदाचा, पोट सुटलेला, तोंड एवढं उघडं की त्यात लहान मूल बसेल. "याचं तोंड पाह्य किती उघडते," यमुताई म्हणाल्या. "माह्या लेकाचं याच्या अर्धं उघडलं तरी नारळ फोडतो." पण पुतळ्याच्या गळ्यात हार होता, आणि तो हार खऱ्या पुड्यांचा होता. गळ्यापासून पोटापर्यंत, ताज्या घोटलेल्या पुड्या.

"जितेंद्रभाऊ," मी म्हटलं, "हे का आहे?"

"नकली पुड्या पब्लिक ओळखते, वहिनी. कोपऱ्यावरच्या ठेलेवाल्या बळीरामनं दिल्या. म्हणाला, चांगल्या कामाले आपला हातभार लागला पायजे."

"दारू सोडलेल्या माणसाच्या पुढे तुम्ही बाटल्यांचा हार मिरवता का?"

"हार त्याले कोठी घातला? बडग्याले घातला नं."

अशा माणसाशी काय बोलायचं! मी सुमंतला ओढत घरात नेलं आणि म्हटलं, जायचं नाही. तो बराच वेळ पाणी पीत राहिला. मग म्हणाला, "भैरवी, घरी राह्यलो तर आज गल्लीत कोणीच नसते. मी आणि बळीरामचा ठेला. तिकडे गेलो तर निदान तोंड ओरडण्यात राहीन. तू चाल माझ्यासंग."

हे त्याचं लग्नानंतरचं सर्वांत लांब बोलणं असावं. मी चपला घातल्या. यमुताईही निघाल्या.

सुरुवात चांगली झाली. ढोल, गुलाल, धक्काबुक्की, गच्च्यांवर बायका, खांद्यांवर पोरं. सुमंत गाडीपुढे चालत होता. तो ओरडायचा, "तंबाखू-खर्रा, तोंडाचा आजार!" आणि मागून शंभर गळे, "घेऊन जा गे मारबत!" तोंड पूर्ण उघडत नव्हतं, आवाज दातांतून बाहेर पडत होता, पण पडत होता. मी बाटली घेऊन त्याच्या शेजारी.

पहिल्या चौकात गर्दीमुळे थांबलो. गाडी ओढणाऱ्या एकानं घाम पुसला, हाराकडे पाहिलं, आणि एक पुडी काढून घेतली. "हार तिरपा झाला होता," तो माझी नजर बघून म्हणाला. हार सरळ ठेवायला मग दुसऱ्या बाजूनंही एक काढावी लागली. त्यानंतर हार सरळ करणाऱ्यांची रांगच लागली. ढोलवाल्यांनी घेतल्या. जितेंद्रनं दोन घेतल्या. बंदोबस्तातल्या एका शिपायानं पुढे येऊन, "हे उघड्यावर चालत नाई," असं दरडावलं आणि चार जप्त केल्या.

सुमंत पुढे होता, पण त्याला मागे वळायची गरज नव्हती. त्याचा अंगठा तळहातावर फिरायला लागला होता.

"लागली?" मी ओरडले.

"वास येऊन राह्यला." त्यानं गालावर हात ठेवला. "पोटात नाई लागत, भैरवी. इथं लागते. गाल रिकामा वाटते."

मी पाणी दिलं. त्यानं चूळ भरली, प्याला, पुन्हा ओरडला. मी म्हटलं, बोलत राहा माझ्याशी, काहीही बोल. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून दुसऱ्या मंडळाचं ढोलपथक घुसलं आणि मी लोटली गेले. एका बाजूला यमुताईंचा हात, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी ढोल. माणसांच्या डोक्यांवरून मला फक्त बडग्याचं उघडं तोंड दिसत होतं आणि त्याखाली सुमंतचं डोकं. तो गाडीजवळ आला. त्याचा हात वर गेला. हाराला लागला. खाली आला तेव्हा मूठ बंद होती.

मी ओरडले. ढोलांत माझं मलाच ऐकू आलं नाही. त्या क्षणी तो हाताशी असता तर मारबतीच्या साक्षीनं त्याच्या कानाखाली काढली असती, आणि लगेच त्याला मिठीही मारली असती, कोणतं आधी ते सांगता येत नाही. डॉक्टरबाईंचं "अजून" माझ्या कानात वाजत होतं. मी यमुताईंना म्हटलं, "त्यानं घेतली." त्यांनी पदर खोचला. कोपरं काढली आणि पुढे घुसल्या. भिवापूरच्या बाजारात पोती उतरवणाऱ्यांत वाढलेली बाई, ढोलपथक बाजूला झालं.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी पुतळे जाळायच्या मैदानात शिरत होती. हार संपला होता. पुतळ्याच्या गळ्यात नुसता दोरा होता. हीच मोठ्या घोषणेची जागा. सुमंतनं ती बंद मूठच वर केली आणि ओरडला, "तंबाखू-खर्रा, तोंडाचा आजार!"

मागून उत्तर आलं, "ऊं ऊं ऊं ऊं ऑऑऑ."

सगळ्यांची तोंडं भरलेली होती. अख्खं मंडळ हनुवट्या आभाळाकडे करून उभं. जितेंद्रच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, पण गिळता येईना आणि थुंकायला गर्दीत जागा नाही. खर्ऱ्याच्या बडग्याला निरोप द्यायला आलेल्या माणसांच्या तोंडून खर्ऱ्यामुळे शब्द फुटत नव्हता. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमासारखे सगळे शालीन झाले होते.

सुमंतनं मागे वळून पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा पुढे वळला आणि दोन्ही वाक्यं एकट्यानंच ओरडला. "तंबाखू-खर्रा, तोंडाचा आजार! घेऊन जा गे मारबत!" पुन्हा. पुन्हा. कडेच्या बायकांनी धरलं, पोरांनी धरलं. यमुताई तर माझ्या कानातच ओरडत होत्या. मी त्याच्या मनगटाला धरलं.

त्यानं मूठ उघडली. पुडी होती. घामानं ओली, चेपलेली, पण दोरा तसाच बांधलेला.

"घे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझ्यानं फेकवत नाई. मघापासून पाहून राह्यलो, बोटंच उघडत नव्हती. तू घे."

मी ती घेतली. गाडीवर एक पाय ठेवून चढले आणि पुडी बडग्याच्या उघड्या तोंडात, जिथपर्यंत हात गेला तिथपर्यंत, कोंबली.

"उद्या चहा झाल्यावर पुन्हा लागन," सुमंत खालून म्हणाला. मारबत वर्षातून एकदा येते, चहा रोज दोनदा असतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"लागली की सांग," मी म्हटलं. "मी चहाला बसतो तुझ्यासंग. ऑफिसला उशीर झाला तर झाला."

यमुताई म्हणाल्या, "आन म्या पोळपाट काढत नाई. भात खाऊ."

कुणीतरी काडी लावली. कागद सर्रकन पेटला. तोंडापर्यंत जाळ आला आणि तंबाखूचा वास सुटला. सुमंतनं नाकावर हात नेला, मग काढला. सगळे आगीकडे बघत होते. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि जेवढं उघडेल तेवढं तोंड उघडून शेवटची घोषणा दिली.

मी आगीकडे बघितलंच नाही. मी टाचा उंच करून, डॉक्टरबाईंसारखी मान वाकडी करून त्याच्या तोंडात बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा त्याची मागची दाढ दिसली. काळी होती, किडलेली होती, पण दिसली.